तीन हजारांच्या खाली

जानेवारीतली दुपार होती. पुण्याच्या थंडीत सकाळी सातला दूध आणायला निघावं तर कान मफलरात गुंडाळावे लागतात आणि दुपारी दोनला अंगातला तोच स्वेटर नकोसा होतो. नारायण पेठेतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी टेबलाशी बसले होते. समोर एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा उघडा पडला होता, मागच्या गल्लीतल्या गाण्याच्या बाईंचा. आवाज मध्येच खरखरतो म्हणून त्यांनी तो आणून दिला होता. दोष साधाच निघाला. आवाजाच्या बटणामागचा पॉट झिजला होता. तो बदलला, दोन ठिकाणी ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, दिसलं तेही नीट केलं. आता बोर्ड पेटीत परत बसवायचा, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात दारात कुरियरवाला आला. मी मनगटावरचा, अंगावर साठणारी स्थिर वीज म्हणजे स्टॅटिक जमिनीत उतरवणारा, पट्टा काढला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठले, सही केली, परत येता येता उकडतंय म्हणून स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि दोन्ही हातांनी बोर्ड उचलला.

पट्टा टेबलावरच राहिला होता.

काहीही झालं नाही. बोटाला टोचलं नाही, ‘चट्’ वाजलं नाही, ठिणगी दिसली नाही. बोर्ड हातात धरून मी क्षणभर तशीच उभी राहिले, मग टेबलाकडे पाहिलं आणि पोटात गोळा आला. भिंतीवरचा आर्द्रतामापक २८ टक्के दाखवत होता. बोर्ड हळूच मॅटवर ठेवला, पट्टा चढवला, पेटी बंद केली, तानपुरा लावला. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. स्वच्छ, गोल, एकामागून एक. अर्धा तास वाजत ठेवला, पुन्हा पुन्हा कान देऊन ऐकला. संध्याकाळी बाई आल्या, खुश झाल्या, पैसे देऊन पेटी घेऊन गेल्या. मी त्यांना काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

होळीच्या आसपास बाई परत आल्या. म्हणाल्या, “अगं, हा बरोबर वीस मिनिटांनी पंचम सोडतो. मुलीचा आलाप जरा रंगायला लागला की पहिली तार मुकी. बाकीच्या तिन्ही चालू.” मी पेटी हातात घेतली तेव्हा माझा चेहरा पडलेला त्यांना दिसला असावा, कारण त्या लगेच म्हणाल्या, “जुनं झालंय गं ते. तुझा काय दोष?” त्यांचं हे वाक्य मला पुढे कित्येक दिवस छळत राहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पेटी उघडून चालू केली आणि घड्याळ लावून बसले. एकोणिसाव्या मिनिटाला पंचम कापरा झाला, विसाव्याला गेला. कापसाचा बोळा आयपीएत, म्हणजे साफसफाईच्या स्पिरिटात, भिजवून एकेका आयसीवर, म्हणजे चिपवर, टेकवत गेले. स्पिरिट उडताना आयसी गार होतो, आणि उष्णतेने बिघडणारा भाग गार झाला की तात्पुरता शुद्धीवर येतो. ही युक्ती जुनी, पण फसवत नाही. मधल्या मोठ्या आयसीवर बोळा ठेवला आणि दोन-तीन सेकंदांत पंचम परत आला, जणू गेलाच नव्हता. बोळा उचलला, पुन्हा गेला. म्हणजे त्या आयसीच्या पोटात कुठेतरी विजेची गळती होती. अशी गळती तापमानाबरोबर वाढते. दर दहा अंशांना साधारण दुप्पट, असा आमचा ढोबळ हिशेब. गार असताना ती इतकी किरकोळ की सूर झाकून नेतो. पेटी तापली की तीच गळती पंचमाला गिळते.

अशी गळती येते कुठून? वयाने येते, उष्णतेने येते, अडॅप्टरमधून कधीतरी आलेल्या वाढीव व्होल्टेजने येते. आणि हातानेही येते.

या धंद्यात पंचवीस वर्षं काढल्यावर एक आकडा माझ्या अंगात मुरला आहे. माणसाच्या बोटाला स्टॅटिकचा चटका जाणवायला अंगावर साधारण ३००० व्होल्ट असावे लागतात. त्याच्या खालचं काही आपल्याला कळत नाही. कानाला ऐकू यायला, डोळ्याला दिसायला त्याहूनही जास्त लागतात. आणि आयसी? आतल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखाली सिलिकॉन ऑक्साइडचा, म्हणजे काचेच्याच जातीचा, एक थर असतो. जुन्या आयसींमध्ये तो काही दहा नॅनोमीटरांचा, नव्यांमध्ये दोन-चार नॅनोमीटरांचा. आपला केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज यावा. हा थर फुटायला ढोबळमानाने नॅनोमीटरमागे एक व्होल्ट पुरतो. म्हणून आयसी बनवणारे प्रत्येक पायापाशी रक्षणाला डायोड बसवतात. ते कितपत टिकतात याची चाचणी माणसाला नमुना धरूनच होते. १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे माणसाचं अंग, १५०० ओहमचा रेझिस्टर म्हणजे त्याची कातडी आणि बोट. या कृत्रिम माणसाच्या स्पर्शाला एखादा आयसी २००० व्होल्टपर्यंत टिकला की तो चांगला दणकट समजतात. नाजूक असतील ते शंभर-दोनशेतच जातात. म्हणजे दणकट समजला जाणाराही आपल्या जाणिवेच्या पायरीच्या खालीच मरू शकतो. त्या दुपारी मला टोचलं नाही, याचा अर्थ एवढाच की माझ्या अंगावर तीन हजार नव्हते. अडीच हजार होते की अडीचशे, हे मला कधीच कळणार नाही.

बरं, मेला तर निदान कळतं. मेलेला बोर्ड टेबलावरून उठतच नाही. माझा खरा धसका अर्धवट जखमेचा आहे. थराला बारीकशी इजा होते, चाचणीत सगळं ठीक येतं, गिऱ्हाईक समाधानाने पेटी घेऊन जातं, आणि दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, एखाद्या आलापाच्या ऐन मध्यात ती जखम उघडते. तोपर्यंत कुठल्या हाताने, कुठल्या दुपारी ती केली, याचा मागमूसही उरत नाही. पुरावा हवा असेल तर आयसीवरचं काळं आवरण आम्लाने विरघळवून आतला तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली घालावा लागतो. तिथे वितळून झालेला एखादा सूक्ष्म खड्डा दिसतो म्हणे. तानपुऱ्याच्या पेटीसाठी एवढं कोण करतं?

स्टॅटिकशी माझी पहिली ओळख मात्र कुठल्या बोर्डाने करून दिली नाही. ती आजीच्या धाबळीने करून दिली. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघर कायम काळोखं असे. आजी पहाटे अंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाकाला आणि देवाला लागायची, अंगावर ती जाडीभरडी, खाजरी, करड्या रंगाची लोकरीची धाबळी. थंडीच्या दिवसांत पूजा आटोपून ती माजघरात धाबळी सोडायला येई, तेव्हा मी गोधडीतून डोकं वर काढून वाट बघत असे. धाबळी अंगावरून ओढली की ‘चट् चट् चट्’ असा आवाज आणि काळोखात निळसर बारीक ठिणग्यांची एक ओळ. क्षणभरच. मग पुन्हा काळोख आणि लोकरीचा कापरासारखा वास. आजीला त्यात काही विशेष वाटत नसे. मी विचारलं तर म्हणायची, “थंडी आहे ना, म्हणून.” शाळेत पुढे केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलताना बघितला तेव्हा सगळा वर्ग ओरडला. मी नाही ओरडले. माझ्याकडे आधीच याहून भारी काहीतरी होतं. आजीचं उत्तर किती बरोबर होतं, ते फार उशिरा कळलं. थंडीतल्या कोरड्या हवेत वस्तूंवर पाण्याचा तो अदृश्य पापुद्रा धरत नाही, ज्याच्यावरून एरवी जमलेला भार गुपचूप निथळून जातो. पावसाळ्यात तीच धाबळी मुकी असायची.

त्या ठिणग्या बघायला मी पुढे सरकले की आजी ओरडायची, “लांब हो, शिवशील!” धाबळी सोडल्यावर सोवळं संपलेलं असलं तरी सवय तोंडात बसलेली. तो शब्द मला तेव्हाही आवडत नसे. भांडी घासायला येणाऱ्या मावशी माजघराच्या उंबऱ्याअलीकडेच का थांबतात, हे मी आजीला एकदा विचारलं होतं. तिने उत्तर दिलं नव्हतं. आजीवर माझं फार प्रेम होतं आणि त्या उंबऱ्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

म्हणूनच भोसरीला एमआयडीसीत पहिल्या नोकरीला लागले तेव्हा जे बघितलं त्याने मी चपापले. मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही वीस-बावीस बायका बोर्डांवर भाग बसवायचो. जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली एक हद्द होती. त्या हद्दीत पाय ठेवण्याआधी मनगटाला पट्टा बांधायचा, दाराशी लावलेल्या यंत्राच्या बटणावर बोट टेकवायचं, हिरवा दिवा लागला तरच आत. लाल लागला तर पट्टा घट्ट कर, मनगट ओल्या फडक्याने पुसून बघ, कारण थंडीत कातडी इतकी कोरडी होते की पट्टा आणि आपण यांच्यात संपर्कच होत नाही. पट्टा थेट कातडीला टेकला पाहिजे, म्हणून काचेच्या बांगड्या कोपराकडे सारायच्या. सकाळी साडेआठला दाराशी तो सगळा किणकिणाट व्हायचा. शेजारची एकजण पहिल्याच दिवशी म्हणाली, “हे काय गं, सोवळंच की!” सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही.

आमच्या सुपरवायझर बाई उंच, कमी बोलणाऱ्या, बार्शीकडच्या होत्या. शिकवायची त्यांची पद्धत एकच, दाखवायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला गोळा केलं आणि हातातलं, वस्तूवरचा भार व्होल्टमध्ये दाखवणारं, छोटं फील्ड मीटर एकेका वस्तूसमोर धरलं. चहाचा थर्माकोलचा कप. आकडा हजारांत. कुणीतरी डबा आणलेली पॉलिथिनची पिशवी. पुन्हा हजारांत. मग सेलोटेपचा तुकडा फर्रकन ओढून त्यासमोर मीटर धरलं आणि आकडा असा उसळला की मागच्या रांगेतल्या मुली पुढे सरकल्या. बाईंनी तो कप मॅटवर ठेवला, मॅटची अर्थिंगची वायर दाखवली आणि विचारलं, “आता गेला का भार?” आम्ही म्हटलं, गेला. मीटर धरलं. तितकाच होता. प्लॅस्टिकला, थर्माकोलला अर्थिंग लावून उपयोग नसतो. त्यांच्यावरचा भार वाहत नाही, तिथेच बसून राहतो. त्यांना लांबच ठेवायचं, हातभर तरी. ज्यांना लांब ठेवता येत नाही त्यांच्यासाठी हवेत दोन्ही प्रकारचे आयन सोडणारा पंखा. त्या दिवसापासून आमचे चहाचे कप हद्दीबाहेर गेले, आणि हे नुसतं नियमामुळे झालं नाही. आम्ही आकडा डोळ्यांनी पाहिला होता.

एकदा कंपनीचे मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन थेट पिवळी रेघ ओलांडून आत आले. बाई कामावरून उठल्या, त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, पट्टा लावा, हिरवा दिवा बघा आणि या.” साहेब परत गेले, पट्टा लावून आले. दुपारी आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशी त्याच दारातून, तोच पट्टा लावून, त्याच दिव्याखालून आत आल्या. मी सोल्डरिंगची झारी हातात धरून ते बघत राहिले, आणि आजीच्या उंबऱ्याबद्दलचं माझं कोडं थोडं सैल झालं. तिथे विटाळ माणसालाच चिकटवलेला होता, तो धुऊन जात नसे. इथे दोष माणसात नव्हताच. दोन गोष्टींच्या पातळीत फरक होता आणि तो मिटवला की कुणीही कशालाही हात लावावा. मॅट, बोर्ड, सोल्डरिंगची झारी, माझं मनगट, साहेबांचं मनगट, मावशींचं मनगट, सगळी एकाच वायरने एकाच जमिनीला बांधलेली. त्यानंतर कुणी त्या जागेला सोवळं म्हटलं की मी भांडायला उठायची.

त्या पट्ट्याच्या वायरीत एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो. अंगावरचा भार तर सरळ तांब्याच्या तारेने जास्त झटकन जाईल, मग हा अडथळा कशाला, असं मी बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “आणि चुकून मेन्सला हात लागला तर?” संध्याकाळी बसमध्ये कागदावर हिशेब केला. २३० व्होल्टला एक मेगाओहम म्हणजे पाव मिलिअँपिअरहूनही कमी करंट, जाणवणारसुद्धा नाही. आणि १०० पिकोफॅरडचं अंग त्याच मेगाओहमातून रिकामं व्हायला सेकंदाचा दहा हजारावा भाग, किंवा त्याच्या काही पट. दोन्हीकडची काळजी एका रेझिस्टरमध्ये. निगडीचा स्टॉप मागे गेला तरी मी त्या कागदाकडे बघत होते. कुणीतरी हे इतकं नीट योजून ठेवलंय, याचं मला भरून आलं होतं.

स्वतःचं वर्कशॉप टाकलं तेव्हा पहिली खरेदी पट्टा आणि मॅटची केली, आणि दोन महिने निर्धास्तपणे काम केलं. मग सहज म्हणून भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर घातला, तर अर्थिंगचं भोक आणि न्यूट्रल यांच्यात तरंगता कसलातरी आकडा. पाटी उघडली. तिसऱ्या पिनेला मागून वायरच नव्हती. जुन्या वाड्याचं जुनं वायरिंग, कुणीतरी नुसतं तीन भोकांचं सॉकेट बसवून दिलेलं. दोन महिने मी मनगटाला पट्टा बांधून तो शून्याला जोडत होते. वायर नसलेले ‘वायरलेस’ पट्टे आता विकायला येतात, त्यांचीही तीच गत. भाराला जायला वाट नसेल तर पट्टा नुसता दागिना. मग मालकांच्या पाया पडून परवानगी काढली आणि वायरमन काकांनी मागच्या बोळात, पारिजातकापासून जरा लांब, पुरुषभराहून खोल खड्डा खणला. वर जुन्या कौलांच्या खापऱ्या निघाल्या, खाली काळी माती, त्याखाली मुरूम. तांब्याची पाटी उभी सोडली, तिच्याभोवती कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर दिले, वर पाणी घालायला पाइप आणि नरसाळं. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग मंदावतं, म्हणून फाल्गुनापासून रोज सकाळी तिथे एक कळशी ओतते. शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत असतात, मी अर्थिंगला. सकाळी शिमला ऑफिसच्या, म्हणजे हवामान खात्याच्या, आर्द्रतेच्या आकड्यावरही नजर टाकते. १९२८ पासून त्या इमारतीत माणसं आभाळ मोजताहेत, आणि त्यातला एक आकडा माझ्या टेबलावरच्या मुक्या आयसींसाठी आहे असं मी धरून चालते.

एवढं सगळं करणारी मी, आणि एका स्वेटरसाठी विसरले.

आता तो आयसी आणायचा कुठून? वरचा नंबर बनवणाऱ्यांनीच घासून टाकलेला. तपकीर गल्लीत गेले. पासोड्या विठोबापाशी वळलं की त्या बोळात शिरताच फ्लक्सचा, नव्या वायरच्या इन्सुलेशनचा आणि बटाटेवड्याचा मिळून जो वास येतो, त्याने मला अजूनही उत्साह येतो. कॉलेजच्या प्रोजेक्टचे सुटे भाग मी इथेच रुपया-रुपयाने घेतले. पण त्या गल्लीत माझा जीवही टांगणीला लागतो. काही दुकानांत आयसी काळ्या, वीजवाहक फोममध्ये नाहीतर नळ्यांत नीट ठेवलेले असतात, आणि त्याच्याच शेजारच्या दुकानात थर्माकोलच्या पांढऱ्या ठोकळ्यात टाचण्यांसारखे खोचलेले. मी घरून काळ्या फोमचा तुकडा आणि चंदेरी पिशवी घेऊन जाते. गुलाबी पिशवी स्वतः भार तयार करत नाही, पण बाहेरचं क्षेत्र आत जाऊ देते. अडवते ती चंदेरी, तीही तोंड बंद केलं तर, आणि बोर्ड तिच्या आत असेल तर. पिशवीवर बोर्ड ठेवून काम करणारे पाहिले की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. ओळखीच्या दुकानदार काकांनी माझा आयसी उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली. “पूर्ण बोर्डच शोध,” म्हणाले.

तो सापडला जुन्या बाजारात, तिसऱ्या रविवारी. रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर गंजलेले पाने, रेडिओचे सांगाडे, एकेरी चपला, आणि त्यांत फुटक्या पेटीचा तसलाच तानपुरा, पॉलिथिनच्या पोत्यात थर्माकोलच्या चुऱ्यात लोळलेला. झाकण नाही, बोर्ड उघडा. विकणाऱ्याने मला दाखवायला तो फडक्याने खसाखसा पुसला. नायलॉनच्या फडक्याने! मी “अहो, नको” म्हणेपर्यंत पुसून झालं होतं. अडीचशेला दिला. मी चंदेरी पिशवी काढून त्यात घालायला लागले तसा तो म्हणाला, “ताई, भंगार हाय, सोनं न्हवं.”

घरी येऊन पट्टा लावून त्या बोर्डाला वीज दिली. वाजला. दोन तास वाजत ठेवला. पंचम जागचा हलला नाही.

खरं सांगायचं तर त्या दोन तासांत मला आनंद कमी आणि संताप जास्त झाला. हा बोर्ड किती हातांतून, किती पोत्यांतून, किती कोरड्या दुपारींतून आला असेल, आणि याला काही झालं नाही. माझ्याकडे मात्र एक चुकलेला मिनिट. मग वाटलं, झालं नाही हे तरी मी कशावरून म्हणते? बाईंचा तानपुराही माझ्या टेबलावर अर्धा तास असाच सुरेल वाजला होता. बोर्डावर बसलेल्या आयसीला सुट्या आयसीपेक्षा थोडा आडोसा असतो, भाराला इकडेतिकडे पसरायला वाटा असतात, म्हणून वाचला असेल. किंवा यालाही जखम असेल आणि तिची वेळ यायची असेल. हेही शक्य आहे की बाईंचा आयसी माझ्यामुळे गेलाच नाही, वयानेच गेला. ही शक्यता मी मनाशी पुष्कळदा काढून बघितली. तिच्यात सुटका होती, पण ती मला घेता येईना. त्या दुपारी पट्टा माझ्या हातात नव्हता, एवढंच मला नक्की ठाऊक होतं.

आयसी काढायला अख्खी संध्याकाळ घेतली. सोल्डर ओढायच्या पंपाचं प्लॅस्टिकही दट्ट्या सुटताना भार निर्माण करतं, म्हणून अँटिस्टॅटिक पंपच वापरला. एकेक पाय मोकळा केला, बाईंच्या बोर्डावर आधी सॉकेट बसवलं आणि त्यात आयसी दाबला.

दुसऱ्या दिवशी बाई कुणाच्या तरी मुंजीहून परस्परच आल्या. अंगावर रेशमी साडी, अंगभर अत्तराचा वास. पेटी अजून उघडीच होती. “कुठला गं तो, दाखव तरी,” म्हणत त्या वाकल्या आणि बोट थेट बोर्डाकडे नेलं. मी टेबलापलीकडून त्यांचं मनगट धरलं. पंच्याहत्तरीच्या बाईंचं मनगट असं धरायची माझी काय टाप, पण धरलं. मग दुसरा पट्टा काढला, त्यांच्या पाटल्या आणि बांगड्या वर सारल्या आणि तो बांधला. त्या काही न बोलता बघत होत्या. “आता लावा हात,” मी म्हटलं. त्यांनी लावला नाही. खुर्चीवर बसल्या आणि विचारलं, “हे कशाला?”

मी सगळं सांगितलं. कुरियर, स्वेटर, २८ टक्के, तीन हजार व्होल्ट, कापसाचा बोळा. माझ्यामुळे झालं असेल किंवा नसेल, हेही सांगितलं. त्या ऐकत होत्या. तानपुरा मी चालू केला होता आणि घड्याळ समोर ठेवलं होतं.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“वाजत होता म्हणून,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही.

त्या गप्प राहिल्या. रागावल्या की काय, मला कळेना. बाहेर बोळात कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, तिच्या किका ऐकू येत होत्या. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. बाईंनी डोळे मिटले होते, पट्टा बांधलेला हात मांडीवर तसाच ठेवला होता. एकोणिसाव्या मिनिटाला मी श्वास धरला. वीस. एकवीस. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. पंचविसाव्या मिनिटाला बाईंनी डोळे उघडले.

“पंचम किंचित उतरलाय,” त्या म्हणाल्या. “चढव जरा.”

मी प्लॅस्टिकचा छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पंचमाचा सूर लावायच्या प्रीसेटला टेकवला. त्यांनी मान किंचित कलती केली.

“अजून,” म्हणाल्या. “अजून एक केसभर.”